वेशीच्या आत, वेशीबाहेर

युरोपात कोणी जाऊन आले की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती देश झाले?" देश म्हणजे जणू पंगतीतले लाडू! "दहा दिवसांत सात" असे उत्तर मिळाले की ऐकणाऱ्याची मान समाधानाने डोलते. माझी आत्या आणि मी, आम्ही दोघींनी २०२४ च्या सप्टेंबरात नऊ दिवस घालवले ते एका देशाच्या एका प्रांतात, आणि तिथल्याही तीन-चार गावांत. हा हिशेब ऐकून आमच्या शेजारच्या काकूंनी आमच्याकडे अशा करुणेने पाहिले, की वाटेत आमचे सामानच चोरीला गेले असावे.

आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची. कोल्हापुरात एका मुलींच्या शाळेत तिने आयुष्यभर अंकगणित शिकवले. तिने एक मुदतठेव मोडली आणि मला बजावले, "मला पळायला होत नाही. जिथं उभं राहून बघू देतील तिथंच मी येणार." तेव्हा पंचेचाळीस माणसांच्या मोठ्या बसचा विचार सोडून आम्ही एका अकरा जणांच्या लहानशा टोळीत नावे घातली. इटलीतल्या तोस्काना प्रांताची जुनी शहरे आणि त्यांच्या भोवतालची खेडी, एवढाच तिचा बेत होता. पैसे अर्थातच जास्त पडले. वाटाड्याचे मानधन आणि गाडीचे भाडे पंचेचाळिसांऐवजी अकरांत वाटायचे म्हटल्यावर दुसरे काय होणार? म्हणून मोठ्या बसने जाणाऱ्याला हसण्याचा अधिकार मला नाही. मध्यमवर्गीय माणसाला जग दिसले ते त्या बसमुळेच.

खरे तर टोळी आधी लहानच होती. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडातल्या सरदारांची मुले शिक्षण पुरे करण्यासाठी फ्रान्स आणि इटलीत हिंडून येत. त्यांच्याबरोबर एक मास्तर असे, आणि त्या मास्तराला लोक थट्टेने 'अस्वल फिरवणारा' म्हणत. १७६४ साली अर्थशास्त्राचा आद्य पंडित अॅडम स्मिथ ग्लासगोची प्राध्यापकी सोडून एका तरुण ड्यूकला घेऊन असाच फ्रान्सला गेला. वर्षाला ३०० पौंड आणि पुढे तहहयात पेन्शन! आम्हां प्राध्यापक मंडळींना हा इतिहास वाचून हेवा वाटल्याशिवाय राहत नाही.

मग आला टॉमस कुक. ५ जुलै १८४१ या दिवशी या दारूबंदीच्या प्रचारकाने सुमारे ५०० माणसे आगगाडीत बसवून लेस्टरहून लफबरोच्या सभेला नेली. भाडे माणशी एक शिलिंग. १८६४ पर्यंत त्याच्या टोळ्या इटलीत पोचल्या होत्या. जग सामान्य माणसाला खुले झाले ते असे. त्याच्या नावाची ती कंपनी २०१९ साली बुडाली, पण तिने लावलेली सवय काही बुडाली नाही. अखेर २०२४ मध्ये व्हेनिसच्या नगरपालिकेने नियम केला: वाटाड्याबरोबर फिरणाऱ्या टोळीत पंचविसांहून अधिक माणसे नकोत, आणि कर्णा नको. पाचशेंवरून पंचविसांवर यायला १८३ वर्षे लागली!

आमच्या टोळीत स्कॉटलंडच्या दोन बहिणी होत्या, दोघी निवृत्त शिक्षिका. एक डच सुतार आणि त्याची बायको होती, कॅनडाचे एक वृद्ध जोडपे होते, आणखी तिघे होते. आमची वाटाडी पन्नाशीची, सिएनाकडचीच. तिच्या हातात झेंडा नव्हता की छत्री नव्हती. अकरा माणसे हरवली तर नावाने हाक मारता येते.

सिएनाचा मोठा चौक, ज्याला ते नुसते 'कांपो' म्हणतात, तो शिंपल्यासारखा एका बाजूला उतरत जातो. तांबड्या विटांच्या त्या फरसबंदीचे पांढऱ्या दगडी पट्ट्यांनी नऊ भाग केले आहेत. नऊ का? तर १२८७ पासून १३५५ पर्यंत या गावावर नऊ जणांच्या मंडळाचे राज्य होते म्हणून. सरदारांना त्यात मज्जाव. हे नऊ जण बहुतेक व्यापारी आणि सावकार. मुदत दोन महिन्यांची, आणि तेवढे दोन महिने त्यांनी नगरवाड्यातच राहायचे, घरी जायचे नाही. बाहेरच्या कुणाची भीड पडू नये म्हणून ही व्यवस्था. आत्या म्हणाली, "आपल्या नगरसेवकांना सांगून बघ."

चौकाच्या खालच्या अंगाला तो नगरवाडा आणि त्याचा उंच मनोरा आहे. मनोऱ्याला नाव मिळाले आहे त्याच्या पहिल्या घंटावाल्याचे, आणि तेही टोपणनाव. त्याचा अर्थ 'मिळकत खाऊन टाकणारा'. राजे विसरले गेले आणि हा उधळ्या अमर झाला.

वाड्याच्या वरच्या मजल्यावर नवांचे दालन आहे. १३३८-३९ साली अंब्रोजो लोरेन्झेत्ती नावाच्या चित्रकाराने त्याच्या तीन भिंती रंगवल्या. विषय देवादिकांचा नाही, राज्यकारभाराचा आहे. एका भिंतीवर चांगल्या राज्याची तत्त्वे माणसांची रूपे घेऊन बसली आहेत. दुसरीवर त्या राज्याची फळे, आणि समोर वाईट राज्य. तिथे शिंगे असलेला जुलमी राजा बसला आहे आणि त्याच्या पायाशी न्यायदेवता दोरीने बांधलेली आहे. ही वाईट राज्याची भिंत पुष्कळ खराब झाली आहे. नऊ जण खलबताला बसत तेव्हा त्यांनी नजर कुठेही वळवली तरी आपल्या कामाचा परिणाम त्यांना दिसावा, अशी ही योजना.

मोठ्या टोळ्या येत होत्या, सहा-सात मिनिटांत बाहेर पडत होत्या. आमच्या वाटाडीने आम्हांला सांगितले, "अर्धा तास मी बोलणार नाही. तुम्ही या भिंतीवर आपापला धंदा शोधा." चांगल्या राज्याची ती भिंत चौदा मीटर लांब आहे. सगळे कामाला लागले. डच सुताराला परातीवर चढून घर बांधणारे गवंडी सापडले आणि त्याने आपली पाठ थोपटून घेतली. मला एका कमानीखाली उच्चासनावर बसून मुलांना शिकवणारा मास्तर सापडला. त्याच्या शेजारी चांभाराचे दुकान आहे, रस्त्यात नाचणाऱ्यांचा फेर आहे, घोड्यावर बसून नवरी चालली आहे.

आत्या मात्र शहरात रमली नाही. ती भिंतीच्या उजव्या अंगाला सरकली. तिथे शहराची तटबंदी संपते, एक वेस आहे आणि वेशीबाहेर डोंगरउतारावर शेते पसरलेली आहेत. नांगरट, पेरणी, कापणी, मळणी, सगळी एकाच वेळी चालली आहे, कारण चित्रकाराला वर्षभराचे काम एका भिंतीवर बसवायचे होते. वेशीतून श्रीमंत लोक हातावर ससाणा घेऊन शिकारीला बाहेर पडताहेत. त्याच वेशीकडे एक शेतकरी पट्ट्याचे काळे डुक्कर हाकत येतो आहे, गोणी लादलेली जनावरे येताहेत. वर हवेत अभयाची देवता तरंगते आहे, आणि तिच्या हातात एक छोटा फाससुद्धा आहे.

"हे खळं बघ," आत्या म्हणाली. "बडवून मळणी चाललीय." थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "जाणाऱ्यांच्या हातात पाखरू, आणि येणाऱ्यांच्या पाठीवर पोतं. वेस एकच."

मी हे भाषांतर करून सांगितले तेव्हा वाटाडीने आत्याकडे जरा निरखून पाहिले.

हे चित्र रंगवून दहा वर्षे होत आहेत तोच, १३४८ साली, प्लेग आला. त्याने शहर इतके खच्ची केले, की जगातले एक सर्वांत मोठे देवालय व्हावे म्हणून १३३९ मध्ये सुरू केलेले मुख्य देवळाचे वाढीव बांधकाम तसेच टाकावे लागले. त्याची ओकीबोकी भिंत आजही आकाशाला टेकून उभी आहे. लोरेन्झेत्तीही बहुधा त्याच साथीत गेला. पुढे १५५५ साली लांबलचक वेढ्यानंतर सिएना शरण गेले आणि शेजारच्या फ्लॉरेन्सच्या राज्याखाली आले. सुराज्याचे चित्र तेवढे मागे राहिले.

दुपारी आम्ही शहराच्या दक्षिण वेशीतून बाहेर पडलो आणि रोमकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्याला लागलो. हा सगळा मुलूख, आणि त्याच्या पुढचे वाल दोर्चा नावाचे खोरे, कॅलेंडरांवर आपण शंभरदा पाहिलेले असते. गोलसर टेकड्या, सुरूसारख्या उंच सायप्रस झाडांची रांग, टेकडीच्या माथ्यावर एकटे दगडी घर. कॅलेंडरात त्या टेकड्या हिरव्यागार असतात. सप्टेंबरात त्या नांगरून पडलेल्या, मातकट होत्या. आत्याला त्याच अधिक आवडल्या. युनेस्कोने २००४ साली या खोऱ्याला जागतिक वारसा ठरवले, ते निसर्ग म्हणून नव्हे, तर चौदाव्या-पंधराव्या शतकांत सिएनाच्या राज्यकर्त्यांनी सुराज्याचा आदर्श समोर ठेवून घडवलेली शेतजमीन म्हणून. म्हणजे सकाळी भिंतीवर पाहिले त्याच चित्रातून आमची गाडी चालली होती.

मुक्काम अशाच एका टेकडीवरच्या घरात होता. खालच्या मजल्यावर आमची खोली, जाड भिंती, वर लाकडी तुळया. एका भिंतीलगत कमरेइतका उंच लांबट कट्टा होता आणि त्याच्या पोकळीत फुलझाडांच्या कुंड्या मांडल्या होत्या. मी त्याचे कौतुक करीत होते. आत्याने त्याच्या कडेवरून हात फिरवला. कड झिजून गुळगुळीत झाली होती.

"अगं, ही गव्हाण आहे," ती म्हणाली. "आपण गोठ्यात झोपणार आहोत."

आणि खरेच तसे होते. खाली पांढऱ्या बैलांचा गोठा आणि वर माणसे राहत, म्हणजे थंडीत जनावरांची ऊब वर जाई. रात्री जेवताना आत्याने वाटाडीला प्रश्न टाकला, तो मी तिच्याच शब्दांत देते: "एवढं मोठं घर, एवढी जमीन. ह्याचं कूळ कुठं गेलं?"

'कूळ' या शब्दाला इंग्रजी शोधताना माझी एम. ए. पदवी काही कामी आली नाही. मी चार वाक्यांत समजावून सांगितले. वाटाडी म्हणाली, "उद्या दाखवते."

दुसऱ्या दिवशी आम्ही बुओनकॉन्वेंतो नावाच्या विटांच्या तटाच्या गावात गेलो. मोठ्या बस इथे सहसा थांबत नाहीत. इथे 'मेझाद्रिया'चे संग्रहालय आहे. मेझाद्रिया म्हणजे आपली अर्धेली. मालकाची जमीन, मालकाचे घर, कसणाऱ्याच्या सगळ्या कुटुंबाचे श्रम, आणि पीक निम्मेनिम्म. ही पद्धत तोस्कानात मध्ययुगापासून विसाव्या शतकापर्यंत चालली. घरचा कर्ता पुरुष मालकाच्या कारभाऱ्याशी हिशेब करी. सणावारी मालकाकडे कोंबडे आणि अंडी पोचवावी लागत. टेकडीटेकडीवर सुटी घरे दिसतात ती याच कारणाने. प्रत्येक कुटुंबाला त्याच्या वाट्याच्या रानातच वसवलेले होते. १९५० नंतर माणसे कंटाळून शहरांकडे निघाली. १९६४ च्या कायद्याने नवे अर्धेलीचे करार बंद झाले आणि चालू करारांत कसणाऱ्याचा वाटा ५८ टक्क्यांवर गेला. १९८२ च्या कायद्याने उरलेल्यांना खंडकरी होण्याची वाट करून दिली. तोवर घरे ओस पडली होती. ती शहरी आणि परदेशी लोकांनी घेतली, आणि १९८५ च्या कायद्याने शेतावर पाहुणे ठेवण्याच्या धंद्याला रूप दिले. आमची गव्हाणीची खोली त्यातलीच.

संग्रहालयात नांगर, जू, चूल, माप, सगळे होते. आत्याला एकाही वस्तूचा उपयोग कुणाला विचारावा लागला नाही. उलट कॅनडाच्या आजोबांना तीच समजावून देत होती. बाहेर बाकावर बसल्यावर वाटाडीने आपल्या पिशवीतून एक लहानशी जीर्ण वही काढली. तिच्या आजोबांची हिशेबाची वही! अशी वही प्रत्येक अर्धेलकऱ्याजवळ असे आणि तिच्यात कारभारी जमा-नावे लिही. आजोबांना लिहिता येत नव्हते. १९६२ साली त्यांनी पोन्तेदेराच्या स्कूटरच्या कारखान्याची वाट धरली, आणि घरातून निघताना ही वही तेवढी खिशात घातली. (त्याच कारखान्याच्या वेस्पा गाड्या परवान्याने बनवून बजाजने साठच्या दशकात आपल्या रस्त्यांवर आणल्या. माझे वडील तीच चालवीत.)

आत्याने चष्मा लावला. अक्षरे इटालियन, पण आकडे ते आकडेच. बोटाने रकाने उतरत ती चार पाने वाचत गेली आणि एका जागी थांबली. "ही बाकी चुकलीय," ती म्हणाली. "हातचा धरला नाही. कसणाऱ्याच्या बाजूचे कमी धरलेत."

मी सांगितले. वाटाडीने वही घेतली, मोबाइलवर बेरीज केली, पुन्हा केली. साठ-सत्तर वर्षे ती वही त्यांच्या घरात देवासारखी जपलेली, पण कुणी ती तपासली नव्हती. रक्कम किरकोळ होती. "माझी आजी म्हणायची, की आपण मरमर मरतो आणि वहीत कधी शिल्लक दिसत नाही," वाटाडी म्हणाली आणि हसली. पण ते हसू टिकले नाही.

मग आत्या बोलू लागली. मी भाषांतर करीत होते, पण ती जे सांगत होती ते मीही पहिल्यांदाच ऐकत होते. पंचगंगेकाठी आमची सहा एकर जमीन होती. आजोबा कोल्हापुरात कारकुनी करीत, जमीन कूळ कसे. कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कसणारा मालक झाला. आत्या तेव्हा दहा-अकरा वर्षांची. "आमच्या घरात तेव्हापासून एकच वाक्य: जमीन गेली. आई गेली, तात्या गेले, तरी ते वाक्य काही गेलं नाही. त्या कुळाची बायको दिवाळीला पावट्याच्या शेंगा आणि तूप घेऊन यायची. मागल्या दारी बसायची. तिच्या पोरीचं आणि माझं वय एक. त्या दिवशी त्यांच्या घरी 'जमीन आली' म्हणाले असतील, हे मला आज ही वही बघून सुचतंय."

कोणी काही बोलले नाही. स्कॉटिश बहिणींपैकी धाकटीने आत्याच्या हातावर हात ठेवला. वाटाडीने वही परत पिशवीत टाकली नाही. ती आत्याच्या मांडीवरच राहू दिली. दोन बाजूंच्या दोन घरांतल्या या दोघी, आणि मध्ये मी, शब्दांची ने-आण करणारी. पंचेचाळीस माणसांच्या बसमध्ये हा प्रश्न विचारायला ध्वनिवर्धक मागून घ्यावा लागला असता, आणि ध्वनिवर्धकावरून कोणी असे विचारीत नाही.

शेवटचा दिवस फ्लॉरेन्सचा. दुपार खरेदीसाठी मोकळी होती. आत्या राजाराम कॉलेजची विद्यार्थिनी, तिने घरूनच एक पत्ता कागदावर लिहून आणला होता. कोल्हापूरचे छत्रपती दुसरे राजाराम महाराज १८७० साली इंग्लंड पाहून परत निघाले आणि ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघे वीस वर्षांचे. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी. आर्नो नदीला मुन्योने जिथे मिळते, त्या संगमावर खास परवानगीने त्यांचे दहन झाले. १८७४ मध्ये तिथे छत्री उभी राहिली. तिचा आराखडा ज्या मेजर मँटचा, त्याचाच पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा. आत फुलर या इंग्रज शिल्पकाराने घडवलेला महाराजांचा अर्धपुतळा आहे. जवळच्या नव्या पुलाला लोक 'भारतीयाचा पूल' म्हणतात.

आम्ही दोघीच टॅक्सीने जाणार होतो. वाटाडीने टोळीला विचारले आणि सगळे म्हणाले, आम्हीही येतो. काशिनेच्या लांबच लांब बागेच्या टोकाशी, झाडांखाली, चार खांबांवरची ती घुमटी पाहिली आणि आत्याने चपला काढल्या. तिचे पाहून इतरांनीही बूट काढले. मी महाराजांची कथा सांगितली. त्यांच्याबरोबर कॅप्टन वेस्ट नावाचा इंग्रज अधिकारी होता, आणि त्यानेच त्यांची प्रवासाची रोजनिशी १८७२ साली छापली. म्हणजे तीही एक लहान टोळी, आणि तिच्यातही तरुण राजाला फिरवून आणणारा एक मास्तर.

थोरल्या स्कॉटिश बाई मन लावून ऐकत होत्या. मी थांबले तेव्हा त्यांनी हळूच विचारले, "आणि यांची जमीन कोण कसत होतं?"

मी आत्याकडे वळून मराठीत सांगितले. आत्या हसली, चपला पायांत सरकवल्या आणि म्हणाली, "सांग त्यांना, बसा म्हणावं. हे जरा लांबचं आहे."

आणि अकरा माणसे नदीकाठच्या गवतावर बसली.